लेकाला सुट्टी मिळाली

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सगळ्यांत आधी आली ती शेजारची शिंपीण. आणखी कोण येणार! गावात कुणाचं दूध उतू गेलं तरी घरच्या माणसाआधी हिला कळतं. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या तशाच, आणि कुंपणापलीकडून ओरडतेय, "अगं ए, खाली उतर! तुझ्या लेकाला सुट्टी मिळाली! सुट्टी! सगळे येतायत!" एकही टाचणी गिळली नाही हे नवलच.

मी शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होते. कशी उतरले, माझं मला ठाऊक नाही.

आमच्या गावात फोन म्हणजे औषधवाल्याच्या दुकानातला. लोकांकडे मोबाइल आहेत, पण ते लागतात धक्क्याच्या टोकाला, तेही वाऱ्याच्या मनात असेल तर. म्हणून ज्याचा त्याचा निरोप औषधवाल्याकडे येतो आणि समोर जे गिऱ्हाईक असेल त्याच्या तोंडी तो पुढे जातो. आज समोर शिंपीण होती. खोकल्याचं औषध घ्यायला गेली होती म्हणे. खोकला कसला, बातम्यांची भूक.

मी तशीच दुकानात गेले. गर्दी होती. तो काउंटरवरूनच म्हणाला, "निरोप मिळाला ना, आजी? सुटलो म्हणायचं एकदाचे!"

"सुटलो कसले? आता तर कामाला लागायचं!"

"तुम्ही धीराच्या खऱ्या," तो म्हणाला. "बाकीचं आल्यावर समोरासमोर सांगणार आहेत म्हणाल्या सूनबाई."

"सांगू दे की. ऐकायला मी बसलेच आहे."

परत येताना वाटलं, सुट्टीला धीर कशाला लागतो? पण औषधवाला पहिल्यापासून जरा पुस्तकातलं बोलतो.

चौदा तारखेला येणार आणि पंधरा दिवस राहणार. पंधरा! शिंपिणीकडून मी तीनदा वदवून घेतलं. मागे आले होते त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा दोन दिवस राहिले, बॅगासुद्धा धड उघडल्या नाहीत. आणि गेले दोन महिने तर लेकाचा फोनही नाही. सूनच बोलायची, "ते कामात आहेत, आई." आता उलगडा झाला. सुट्टी साठवत होता माझा लेक.

एकच कळेना. फेब्रुवारीत शाळा चालू असताना नातीला कसं आणतात? असो. शाळेत असं काय शिकवतात जे पंधरा दिवसांत पळून जाईल. मी स्वतः चौथीपर्यंत गेले. जोडाक्षर आलं की अजून पेन अडखळतं, पण अडलं कुठे माझं? ही वही लेकानेच पाठवलेली. म्हणाला, "आई, फोनवर तुझं संपत नाही. उरलेलं हिच्यात लिही."

उरलेलं म्हणजे एवढंच. दर खेपेला निघताना मी विचारते, आता कधी? आणि दर खेपेला उत्तर येतं, बघू. या 'बघू'चा मला इतका राग आहे! दाराला कडी नाही, फक्त लोटून घेतलंय, तसा शब्द आहे तो. यंदा मी असे पंधरा दिवस करून दाखवणार आहे की जाताना त्यांनी स्वतःच्या तोंडाने तारीख सांगितली पाहिजे. अमुक वार, अमुक तारीख. मला दुसरं काही नको.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज बेत आखला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल पेन्सिलीने पंधरा चौकोन काढले आणि भिंतीवर लावलं. पहिल्या दिवशी धक्का. दुसऱ्या दिवशी होडीने समोरचं बेट. होडीवाल्याला सांगून आले, तो म्हणाला भरती बघून निघू. मग शिंपल्यांची वाळू, आणि पुढच्या चौकोनांत टेकडीवरचा झरा, सायकली. शिंपीण म्हणाली, "अगं, सुट्टीला येतायत की सैन्यात भरती व्हायला?" तिला काय कळतंय. तिची माणसं गल्लीतच राहतात, रोज भांडायला मिळतात.

पाचव्या चौकोनात दीपगृह. त्याच्याभोवती मी दोन रेघा मारल्या.

दीपगृहाला आम्ही बत्ती म्हणतो. एकशे बेचाळीस पायऱ्या. लेक नऊ वर्षांचा असताना त्याच्या बाबांबरोबर निघाला, सत्तरीच्या आसपास घाबरून रडायला लागला, आणि बाबांनी पाठंगुळीला घेऊन खाली आणला. खाली आल्यावर नाक पुसत मला म्हणतो, "आई, मी मोठा झालो ना, की तुलाच पाठीवर घेऊन वर जाईन." त्याचे बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पण त्या दिवशीचं त्यांचं हसणं मला अजून ऐकू येतं.

बत्तीवाल्याकडे परवानगी काढायला गेले. तो म्हणतो, "आजी, लेक-सून जातील वर. तुम्ही खाली माझ्याबरोबर चहा घ्या."

"चहा तू घे," म्हटलं. "मी वर जाऊन येईपर्यंत गार होईल तुझा."

आहेतच माझे गुडघे तसे. डॉक्टरसुद्धा म्हणतो, कुण्या तरण्या पोरीचे उसने आणलेत?

रविवार, ८ फेब्रुवारी

राग राग झालाय. वरची खोली मी त्यांच्यासाठी निळी रंगवून घेतली. खिडकीतून निम्मा समुद्र दिसतो. शिंपिणीने पडदे शिवले, तेही मला हवे तसे नाहीत, तिला हवे तसे; त्यावरून एक दुपार अबोला झाला तो वेगळाच. आणि आज सूनबाईंचा फोन. दुकानात धावत गेले तर म्हणतात, "आई, आम्हाला खालीच झोपायची सोय कराल का? जिना नको."

"अगं, सोळा पायऱ्यांचा जिना! वरून समुद्र दिसतो!"

"माहितीय, आई. पण खालीच बरं."

"माझ्या जिन्याने काय वाईट केलंय तुझं?"

तर हळूच म्हणाली, "आल्यावर बोलू या ना."

मी हो म्हटलं, करणार काय. शिंपिणीच्या नवऱ्याला बोलावून पलंग खाली आणला. तो बिचारा दोनदा भिंतीला धडकला, निळा रंग निघाला. सून शिकलेली आहे, कामसू आहे, सगळं मान्य. पण तिला माझ्या घरात काही ना काही टोचतंच.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आले!

सकाळच्या गाडीने आले. मी तासभर आधी थांब्यावर. गाडीतून पहिली उतरली सून, दोन्ही हातांत दोन बॅगा, पाठीवर तिसरी. मग नात. आम्ही तिला भुणभुण म्हणतो. कारण लिहायला नको. उतरता उतरता तीन प्रश्न विचारून झाले. समुद्र रात्री कुठे जातो, तुझे केस आधीपासून पांढरे होते का, आणि तुझ्याकडे मांजर आहे का.

आणि शेवटी लेक. हळू उतरला, दांड्याला धरून, ड्रायव्हरला थांबायला सांगून. हातात काय, तर एक छोटी उशी! एवढा बाप्या झाला तरी उशी घेऊन फिरतो. मी म्हटलं, "बायको हमाली करतेय आणि साहेब उशी मिरवतायत!" तो हसला, उशी छातीशी धरून. वाळलाय फार. शहरातलं खाणं, दुसरं काय.

मी मिठी मारायला गेले तर सून पटकन मध्ये आली, "आई, हळू!" आणि त्याने मला एका बाजूने खांद्याला धरलं. शहरात अशी मिठी मारतात वाटतं आता, कडेकडेने. दोन वर्षांनी भेटतोय आणि कडेकडेने. पण हात सोडला नाही त्याने घर येईपर्यंत. अख्खा रस्ता सोडला नाही. आणि आम्ही इतके सावकाश चाललो की वाटेत चार जणांशी बोलून झालं माझं.

घरी आल्यावर भिंतीवरचा बेत दाखवला. दोघं उभे राहून वाचत होते. लेक म्हणाला, "आई, हे सगळं तू केलंस?" सून त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. सून म्हणाली, "आई, आम्हाला जरा..." तेवढ्यात तोच म्हणाला, "मस्त झालाय बेत. आधी खाऊ दे काहीतरी."

खाऊन झालं आणि झोपला तो चक्क चार तास. सुट्टी म्हणजे अशी!

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज दोन गोष्टी झाल्या. दोन्ही सूनबाईंच्या.

एक. मी मासे शिजवत होते, ती मागे उभी. म्हणाली, "आई, मीठ अगदी थोडं घालाल? नाहीतर यांचं मी वेगळं काढते." ऐकलंत? मी तीस वर्षं धक्क्यावरच्या खानावळीत चूल सांभाळली. तीस वर्षं खलाशी, हमाल, कप्तान, सगळे ताट चाटून गेले, आणि माझ्या मिठाला कुणी नाव ठेवलं नाही. लेक लहानपणी नुसत्या भातावर मीठ टाकून खायचा. मी झाकण जरा जोरात ठेवलं.

दोन. होडीवाला आला बोलवायला, भरती छान होती. भुणभुण टोपी घालून तयार. सून म्हणाली, "आज नको. मला होडी लागते." लागू दे की तुला, तू राहा घरी! पण लेकही म्हणाला, "आई, आपण इथूनच बेट बघू या." इथूनच बघायचं तर कॅलेंडरवर चौकोन कशाला काढले मी?

भुणभुण रडली. मग मीच तिला घेऊन वाळूत बसले. ती विचारते, "आजी, आई बाबांना सारखी बसा बसा का म्हणते?" मी म्हटलं, "काही बायकांना सवय असते." थोडं लागलं मला बोलल्यावर. पोरीसमोर तिच्या आईबद्दल असं बोलू नये. पण बोलून गेले खरं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज बत्तीला गेलो होतो.

सून जाऊ नका म्हणत होती, ऊन आहे, वारा आहे, हे आहे, ते आहे. लेकच म्हणाला, "जाऊ दे गं. आईने केव्हाचं ठरवलंय. हळूहळू जाईन." सून बत्तीवाल्याच्या वहीत नावं लिहीत मागे राहिली आणि आम्ही तिघं चढायला लागलो. मी पुढे, मधे भुणभुण मोठ्याने पायऱ्या मोजत, मागे लेक. अंधार-उजेड, अंधार-उजेड, प्रत्येक खिडकीत समुद्र थोडा थोडा मोठा होतो. मला इतकं बरं वाटत होतं!

एकतीसला मोजणी थांबली. वळून बघते तर लेक पायरीवर बसलाय, उशी पोटाशी. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. चपलेत खडा गेलाय."

मी हसले. वरून म्हटलं, "नऊ वर्षांचा होतास तेव्हा सत्तरीपर्यंत तरी आला होतास. म्हातारा झालास की काय?" आवाज घुमला सगळ्या मनोऱ्यात. बत्तीवाला खाली हसल्याचं ऐकू आलं.

तेवढ्यात सून आली धापा टाकत. तोंड पांढरंफटक. माझ्याकडे बघून म्हणते, "आई, पुरे! खाली या सगळे. आत्ताच्या आत्ता!"

बत्तीवाल्यासमोर. नातीसमोर. आजवर कुणी मला असं बोललं नाही. खानावळीत प्यालेले लोकसुद्धा 'मावशी, मावशी' करायचे. आम्ही उतरलो. घरी येताना लेक तिच्या खांद्याला धरून चालत होता, तिचीच बाजू घेतल्यासारखा.

माझी सुट्टी तिने नासवली. हे मी लिहून ठेवते. आता जाताना 'बघू'सुद्धा म्हणणार नाहीत.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. आज लिहायला बसलेय.

सकाळी डोकं दुखत होतं म्हणून गोळी आणायला औषधवाल्याकडे गेले. दुकान रिकामं होतं. तो म्हणाला, "बरं झालं आलात, आजी. लेकाच्या गोळ्या आल्या शहरातून. सूनबाई सारख्या विचारत होत्या. या रक्त पातळ ठेवायच्या, वेळ चुकवायची नाही."

"कुणाचं रक्त?" मी विचारलं.

तो पुडी खाली ठेवून म्हणाला, "आजी, मी निरोप पाठवला होता ना. दवाखान्यातून सुट्टी मिळाली म्हणून. छातीचं ऑपरेशन झालं, सगळं नीट झालं, डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय."

दवाखान्यातून.

एवढा एकच शब्द गाळला शिंपिणीने. टाचण्यांत अडकला असेल. पण तिला तरी काय बोलू? मी स्वतः दुकानात गेले होते. तो सांगत होता आणि मी आपली नाचत होते. सुट्टी म्हटल्यावर मला समुद्रच दिसला. शेजारच्या म्हाताऱ्याला मागे दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा मीच गल्लीभर सांगत फिरले होते, सुट्टी मिळाली, सुट्टी मिळाली. तोच शब्द. माझ्या लेकाच्या बाबतीत कसा सुचला नाही मला?

औषधवाल्याने पाणी दिलं, स्टूल दिलं. म्हणाला, तुमचं वय बघून त्यांनी आधी कळवलं नाही, घाबराल म्हणून. ऑपरेशनच्या दिवशी सून एकटीच होती दवाखान्यात. मुलीला शेजारणीकडे ठेवून. आणि ती उशी, हसता-खोकताना छातीचे टाके दुखू नयेत म्हणून धरायची.

जिना. मीठ. होडी. कडेची मिठी. सगळं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं, मला जिना नको, मला होडी लागते. आणि मी इथे या वहीत तिला काय काय म्हटलंय. पानं फाडणार होते. नाही फाडली. राहू दे, मला वाचायला लागावीत म्हणून.

आणि ते, म्हातारा झालास की काय. ते मी कुठे फाडू?

शनिवार, २१ फेब्रुवारी

आजपासून गुडघा दुखायला घेतला.

काल वाळूत बसून ठरवलं. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मी आनंदात होते. आता मला कळलं असं दाखवलं तर मी रडणार, मी रडले की लेकाला वाईट वाटणार, आणि सून बिचारी दोघांना सांभाळत बसणार. तिने आधीच पुष्कळ सांभाळलंय. आणि बेत तर सगळे माझेच, मोडायचे तर मीच मोडले पाहिजेत.

म्हणून सकाळी चहाच्या वेळी "अगं आई गं" करून खुर्चीत बसले. म्हटलं, बत्तीच्या पायऱ्या बाधल्या. आता मला कुठे जाणं होणार नाही, तुम्हीही माझ्याजवळच बसा. आणि लाल पेन्सिलीने भिंतीवरचे उरलेले सगळे चौकोन खोडले. झरा, सायकली, सगळं.

भुणभुण म्हणते, "पण आजी, तू तर बत्तीत पळत पळत चढलीस."

"म्हणूनच दुखला."

लेकाने विचारलं, "फार दुखतोय का?" मी म्हटलं, "फार." त्याच्या तोंडावर असं काही आलं की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. कडेकडेनेच. पण मी गुडघाच चोळत बसले. कुणाला संशय आला नाही. खानावळीत होते तेव्हा मालकासमोर मी अशीच तापाची सोंगं वठवायची.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

हे काय सुरेख दिवस चाललेत! अंगणात चार खुर्च्या टाकतो आणि बसतो. समोर धक्का, होड्या येतात जातात. लेक आणि भुणभुण त्यांना नावं देतात. एक फार हळू येते तिचं नाव 'आजीचा गुडघा' ठेवलंय. संध्याकाळी पाच वाजता सून म्हणते, "चला, थोडं चालू या." आधी फाटकापर्यंत. काल शिंपिणीच्या दारापर्यंत. आज लेक पाणवठ्याच्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. मी खुर्चीतून पावलं मोजत होते, ओठ न हलवता.

मिठाचंही मी काढलं. म्हटलं, "सूनबाई, आजपासून सगळ्यांचंच अळणी. माझ्या गुडघ्याला मीठ चालत नाही."

"गुडघ्याला मीठ?"

"नवीन निघालंय."

तिने मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मी लिंबू पिळलं, लसूण परतून घातला, मिरी घातली. लेकाने दोनदा वाढून घेतलं. दोनदा! सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, हे मला शिकवा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी ती तेल गरम करून घेऊन आली. म्हणाली, "पाय इकडे करा." मी नको नको म्हटलं, ऐकेना. जमिनीवर बसली आणि माझा गुडघा मांडीवर घेतला.

"इथे दुखतं?"

"हो."

"आणि इथे?"

"इथे तर फारच."

अगदी सावकाश चोळलं तिने. हात चांगला आहे तिचा. लेकालाही असंच केलं असेल इतके दिवस. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशीच, सहज. म्हटलं, "दमलीस गं तू." तर तिच्या डोळ्यांत पाणी. तेलाचा वास सोसत नसेल. जुनं होतं जरा. मान खाली घालून चोळतच राहिली, दुखत नसलेला माझा गुडघा, बराच वेळ.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज सून आणि भुणभुण शिंपिणीकडे गेल्या होत्या, फ्रॉकचं माप द्यायला. अंगणात मी आणि लेक दोघंच. तो उशी घेऊन, मी पाय स्टुलावर ठेवून.

मधेच म्हणाला, "आई, कोणता गुडघा?"

"डावा."

"तेल उजव्याला लावत होती ती."

"दुखणं फिरतं बाबा या वयात."

तो हसायला लागला. उशी छातीशी दाबून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग थांबला, माझा हात धरला, आणि शर्टाच्या वरून छातीवर ठेवला. मधोमध. कापडाखाली लांब उंचवटा लागला बोटांना, शिवणीसारखा. आणि त्याच्याखाली ते. टक टक, टक टक.

"बघ," म्हणाला. "चालतंय."

"चालणारच," मी म्हटलं. "मी दिलेलं आहे."

मग म्हटलं, "त्या दिवशी बत्तीत मी बोलले ते..."

"खडा नव्हता, आई."

"माहितीय."

"तूच नेलं असतंस मला पाठीवरून खाली," तो म्हणाला, "मी सांगितलं असतं तर."

मी विचारलं, "भीती वाटली होती का रे? तिकडे?"

तो होड्यांकडे बघत म्हणाला, "वाटली. पण तुला कसं सांगायचं याची त्याहून जास्त. तू फोनवर इतकी खूश असायचीस."

तर असं. म्हणजे मला कळलंय हे त्याला कळलं होतं. कुणी सांगितलं असेल? माझं सोंग तर बिनचूक होतं. शिंपीणच असणार. तिला कुठून कळलं कोण जाणे, पण तिला काय कळत नाही?

डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही त्याने मला सांगितलं. हृदयाच्या दोन झडपा दुरुस्त केल्यात. एकीचं काम उत्तम आहे. दुसरीकडे अजून लक्ष ठेवायचंय. मे महिन्यात मोठी तपासणी आहे, त्यात ठरेल पुन्हा काही करावं लागेल की नाही. मी ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलले नाही. तो म्हणाला, "आई, तू गप्प बसलीस की मला खरी भीती वाटते." मग मी त्याला शिंपिणीच्या नवऱ्याने पलंग खाली आणताना भिंतीला काय काय केलं ते सगळं सांगितलं.

रविवार, १ मार्च

गेले. सकाळच्या गाडीने.

बॅगा मीच उचलल्या. सून एका बॅगेला धरून ओढतेय, मी दुसऱ्या बाजूने, रस्त्यात रस्सीखेच. "आई, गुडघा!" म्हणाली. "बरा झाला," म्हटलं. "तुझ्या हाताचा गुण." तेव्हा कुठे सोडली तिने, आणि हसली. मी आजवर तिला असं तोंड भरून हसताना बघितलं नव्हतं. एक दात किंचित वाकडा आहे तिचा. छान दिसतो.

थांब्यावर मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आता कधी, हा शब्दसुद्धा काढायचा नाही. कारण मे महिन्यात काय होईल हे कुणालाच माहीत नाही, आणि ज्याला स्वतःला माहीत नाही त्याच्याकडून वचन मागणं म्हणजे त्याच्या पाठीवर ओझं देणं. त्याने आता काही उचलायचं नाहीय. म्हणून मी हवेवर बोलले, गाडीच्या टायरवर बोलले, भुणभुणला म्हटलं पुस्तकं वाच. लेक 'बघू' म्हणाला असता तरी चाललं असतं मला. खरंच.

गाडी सुरू झाली. लेक आत बसला होता, खिडकीतून बोटं बाहेर. भुणभुण ओरडत होती की समुद्राला सांग मी गेले. सून दारातच उभी होती. ती एकदम खाली उतरली. ड्रायव्हर ओरडला. ती म्हणाली, "एक मिनिट, दादा," आणि माझ्याजवळ आली.

"आई, सहा मेला तपासणी आहे. बुधवार. नऊला आम्ही इथे येतो. शनिवारी. याच गाडीने."

मी म्हटलं, "अगं, डॉक्टर काय म्हणतील त्याच्यावर..."

"डॉक्टर काहीही म्हणू देत. सगळं नीट म्हणाले तर पंधरा दिवस येऊ. पुन्हा ऑपरेशन म्हणाले तर त्याआधी दोन दिवस तरी येऊ. पण नऊला येणार."

"मग सहाला तपासणी तर नऊ कशाला? बांधाबांधीला दोन दिवस लागतात होय तुला?"

"ते दोन दिवस मी रडायला ठेवलेत," ती म्हणाली. "कसं रडायचं ते सहा तारखेला ठरेल. ते आटपूनच येईन तुमच्याकडे."

आणि मिठी मारली तिने मला. कडेकडेने नाही, समोरून, चांगली घट्ट. मग पळत जाऊन गाडीत चढली. ड्रायव्हर बडबडतच होता.

मी म्हटलं तिला, पण गाडीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसणार, की रडायचं असलं तर सातलाच ये. दोघी मिळून रडू, लवकर आटपेल. आता उद्या दुकानात जाऊन फोनवर सांगते. स्वतः बोलेन, कुणाच्या तोंडी निरोप नको.

शनिवार, नऊ मे. सकाळची गाडी.